बंगळूर : नदीवाचून वाढलेले नगर

जगातील बहुतेक मोठी नगरे नदीच्या तीरी किंवा समुद्रकिनारी वसलेली आढळतात. नाशिकला गोदावरी लाभली, पुण्याला मुळा-मुठा, मुंबईला सागर. बंगळूरच्या वाट्यास यांपैकी काहीच आले नाही. तरीही २०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या सुमारे ८४ लाख भरली. एवढ्या माणसांना पाणी कोठून मिळते, हा प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे या प्रदेशाचा भूगोल, तेथील उद्योग आणि तेथील लोक या तिन्हींची ओळख होते.

म्हैसूरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर, एका रुंद खडकाळ कण्यावर हे शहर पसरलेले आहे. कण्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस वृषभावती व अर्कावती यांच्या वाटेने कावेरीस मिळतो. पूर्वेस पडलेला दक्षिण पिनाकिनीकडे जातो. जवळजवळ पडलेले दोन थेंब अशा रीतीने दुरावतात, ते बंगालच्या उपसागरापर्यंत पुन्हा भेटत नाहीत. खालचा खडक पट्टिताश्म जातीचा आहे. लालबागेतील टेकडीवर तो उघडा पाहावयास मिळतो. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्यापुढे कालचे पोर होय. अशा खडकात पाणी मुरते ते केवळ भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने नगर वसविले, तेव्हा त्याने तळीही बांधविली. ओढ्यास मातीचा बांध घालावयाचा, आणि एका तळ्याच्या सांडव्यावरून वाहणारे पाणी खालच्या तळ्यात घ्यावयाचे, अशी ही साखळी होती. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी भाषा येथे कालपरवा आलेली पाहुणी नव्हे, हे त्यावरून दिसून येईल. पुढे १८०९ मध्ये इंग्रजांनी लष्करी छावणी स्थापिली आणि तिच्याबरोबर तमिळ भाषिक मोठ्या संख्येने आले. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू व मराठी या भाषा येथील बाजारांत आजही एकमेकींशेजारी ऐकू येतात.

तळ्यांचे पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा प्रथम हेसरघट्ट येथून व १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून अर्कावतीचे पाणी आणण्यात आले. कावेरीने मात्र पाण्याआधी वीज दिली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली आणि १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. वीज, समशीतोष्ण हवा आणि १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था या तिन्ही गोष्टी जुळून आल्या. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने विमानांचा कारखाना काढला. पाठोपाठ दूरध्वनी, घड्याळे व विद्युदणू-उपकरणे यांचे सरकारी कारखाने आले. पुण्यात १९८१ मध्ये जन्मलेली इन्फोसिसही दोन वर्षांनी येथेच येऊन राहिली.

कारखाने आले तशी माणसे आली, आणि तळी बुजू लागली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण झाले. चैत्री पौर्णिमेच्या करग उत्सवाचा संपंगी तळ्याशी जुना संबंध असल्यामुळे तेथे एक लहानसे कुंड तेवढे राखून ठेवलेले आहे.

१९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येऊ लागले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस नगरानेही १९१३ मध्ये दूरच्या ओवेन्स खोऱ्यातून सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा आणला. परंतु ते पाणी उतारावरून आपोआप वाहत येते. कावेरीचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. प्रत्येक घागरीत विजेचा खर्च मिसळलेला असतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. लॉस एंजेलिसची सोय झाली खरी. ओवेन्स सरोवर मात्र पुढे तेरा-चौदा वर्षांत कोरडे पडले.

नळ न पोचलेल्या नव्या वस्त्या विंधनविहिरींवर विसंबून होत्या. २०२३ चा पाऊस हुकला आणि २०२४ च्या मार्चमध्ये शहरातील सुमारे १४,००० सरकारी विंधनविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या आटल्या. उंच इमारतींतील सुशिक्षित कुटुंबेही टँकरची वाट पाहत उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्यातून दररोज ७७.५ कोटी लिटर जादा पाणी मिळावे, अशी योजना आहे.

वापरलेल्या पाण्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. ज्या कोलारला पूर्वी कावेरीची वीज गेली, तेथील खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. तो जिल्हा अवर्षणग्रस्त. २०१८ पासून बंगळूरचे सांडपाणी दोनदा शुद्ध करून त्या जिल्ह्यातील तळ्यांत सोडले जात आहे. हे पाणी पिण्यासाठी नव्हे, भूजल वाढविण्यासाठी आहे. आटलेल्या विहिरींना त्यामुळे पुन्हा पाणी येऊ लागले. तथापि, जे जमिनीत मुरते ते शेवटी पिण्याच्या विहिरीतही उतरते, म्हणून शुद्धीकरणाची तिसरी पायरी आवश्यक आहे, अशी तेथील शेतकऱ्यांची मागणी आहे.