कूट असावे, कपट नसावे

शब्दकोडे रचणारा सोडवणाऱ्याला फसवतो, हा समज अर्धाच खरा आहे. आपल्या दैनिकांतल्या नेहमीच्या शब्दकोड्यात तर फसवणूक नसतेच. ‘सूर्य (२)’ असे दिले की रवी, भानू, मित्र, अर्क असे चार उमेदवार उभे राहतात आणि आडव्या-उभ्या अक्षरांच्या जोरावर त्यातला एक निवडून येतो. इंग्रजी वर्तमानपत्रांतले गूढ शब्दकोडे मात्र वेगळ्या जातीचे. त्यातली ओळ वाचली की मनात एक चित्र उभे राहते, आणि ते चित्रच आपल्याला चकवते. तरीही वर्तमानपत्रातल्या खेळांत सर्वांत प्रामाणिक कोणता, असे विचारले तर मी याच खेळाचे नाव घेईन. उत्तर बरोबर आल्याचा पुरावा त्याच ओळीत असतो. त्यासाठी उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही.

मराठीत अशी ओळ कशी दिसेल? ‘घावापुढे हत्ती, पंढरीच्या वाटेवरचा (४)’. वाचताना रणांगणावरचा जखमी हत्ती दिसतो आणि तो पंढरपूरकडे का निघाला, हे काही कळत नाही. हत्तीला बाजूला सारून नुसते शब्द हातात घेतले की काम होते. घाव म्हणजे वार, हत्ती म्हणजे करी. वारापुढे करी ठेवला की वारकरी, आणि पंढरीच्या वाटेवरचा तर तो आहेच. ओळीचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा त्याच उत्तराची अक्षरे पुरवतो, आणि दोन्ही वाटा एकाच चौकात येऊन मिळतात. उकल सांगणे हे म्हणूनच सोडवण्याइतकेच महत्त्वाचे. नुसते ‘वारकरी’ म्हणणाऱ्याचा अंदाज लागलेला असू शकतो. करी कुठून आला हे सांगणाऱ्याने कोडे सोडवलेले असते. विनोद फोड करून सांगितला की मरतो. हा प्रकार फोड केल्यावरच खुलतो.

या प्रामाणिकपणाचे नियम इंग्लंडात सावकाश घडले. आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले, ते साध्या अर्थांचे होते. चकव्याची कला पुढे १९२०च्या दशकात ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉईस मॅदर्सने फुलवली. पण त्याच्या ओळी पुष्कळदा मर्जीच्या असत. ‘झिमेनेस’ म्हणजे डी. एस. मॅकनट या अभिजात भाषांच्या शिक्षकाने १९६६च्या आपल्या पुस्तकात शिस्त घालून दिली. अर्थ नेमका हवा, अक्षरांची फोड व्याकरणाला धरून हवी आणि भरीचा शब्द एकही नको. चकवा दिलेला चालतो, खोटे बोललेले चालत नाही.

ही शिस्त नसली तर काय होते, याचा दाखला थेट सर्वोच्च न्यायालयातला आहे. स्वातंत्र्याच्या आसपास बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातून चालत आणि त्याचा मोठा खप मुंबई राज्यात होता. मुंबई सरकारने १९४८चा आपला कायदा १९५२ साली दुरुस्त करून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांनाही लागू केला आणि वाद न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. उत्तर आधीच ठरवून बंद ठेवलेले. एका जागी दोन शब्द सारखेच शोभत असले तरी स्पर्धकाने संयोजकाच्या मनातला ओळखायचा. १९५५च्या केंद्रीय कायद्यानेही शब्दकोड्याचे नाव घेऊन महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी घातली आणि त्याखालच्या स्पर्धांना दोन हजार प्रवेशिकांची मर्यादा घातली. प्रामाणिक आणि अप्रामाणिक कोड्यातला फरक लिलावासारखा आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीसमोर सर्वांच्या देखत बोली लागते. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत कायद्याने बाद ठरली. बक्षिसाची कोडी रुमालाखालची होती. चांगले गूढ कोडे हा उघडा लिलाव.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे साहेबाचे खूळ. तसे नाही. महाभारतात गणपतीला लिहिता लिहिता थांबून विचार करायला लावणारे ८८०० कूटश्लोक व्यासांनी घातले, ही कथा जुनीच. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणे रचली, त्यातले एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न जुळवता म्हणायचे. ‘म’ वर्ज्य असल्यावर ‘राम’ म्हणायचीही सोय उरत नाही! मात्र आपल्या परंपरेत एक उणीव आहे, ती झाकून उपयोग नाही. कूटश्लोक विद्वत्तेच्या बळावर सुटतो आणि घरातले हुमाण, म्हणजे तोंडी घातलेले कोडे, उपमेवर. दोन्हींत वाट एकच, ताळा करायला दुसरी नाही. म्हणून हुमाणाला कोणी वेगळेच, पण तितकेच शोभणारे उत्तर दिले की भांडण होते. ती दुसरी वाट तेवढी परकीयांकडून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाराखडीत अक्षरांची उलथापालथ जमत नाही. इंग्रजीत सव्वीस सुटी अक्षरे. इथे ‘क’ आणि ‘की’ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, जोडाक्षर एका घरात अडकून बसते. खरे आहे. तरीही ‘गोंधळून विकता ती, दिवाळी अंकातली (३)’ ही ओळ पाहा. ‘विकता’ची अक्षरे गोंधळली की कविता, आणि ‘ती’ म्हटल्यामुळे लिंगही जुळते. ‘कामकाजात दडलेले धान्य (२)’ यात मका आहे तिथेच लपला आहे. ‘मरा, असे उलटून बोलला तारणारा (२)’ हे तर वाल्या कोळ्याच्या कथेतले आयतेच. अशी अक्षरे सारखी मिळणार नाहीत हे मान्य. पण समास, श्लेष आणि संस्कृत-देशी प्रतिशब्दांची आपल्याकडे एवढी रेलचेल आहे की इंग्रजी रचनाकाराने हेवा करावा. शिवाय चौकटीत जुळणारे एक घर इथे मात्रेसकट सगळे अक्षर हाती देते. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार मोजायचे की सोडायचे, एवढे मात्र कोड्याच्या डोक्यावर आधी छापलेले हवे.

सोडवणे आणि उकलणे यातले अंतर पाहायचे असेल तर ही ओळ घ्या: ‘शेवटच्या सुराला चीर, पिंपळगावचा तालुका (३)’. पिंपळगावात कोणीही क्षणात निफाड म्हणेल. सप्तकातला शेवटचा सूर नि, आणि ‘चीर’ ही साडीची नव्हे, आज्ञा आहे, म्हणजे फाड, हे सांगायला मात्र तिथल्या माणसालाही थोडे थांबावे लागेल.