चढणीवरची गावं

इटली म्हटलं की रोम, व्हेनिस आणि पिसाचा कलता मनोरा डोळ्यांसमोर येतो. मधल्या अंब्रिया प्रांताचं नाव फारसं कुणी घेत नाही. समुद्रकिनारा नसलेला हा डोंगरांचा, शेतीचा मुलूख. भाची पेरुजा शहरात शिकायला होती, म्हणून मला तिथे आठ दिवस राहायला मिळालं. उतारांवर ऑलिव्हची रुपेरी-हिरवी झाडं, द्राक्षमळे आणि माथ्यावर तटबंदीतली दगडी गावं. मध्ययुगात ही शहरं एकमेकांशी लढत, त्यामुळे उंचावर राहण्यातच शहाणपण होतं. पण मैत्रिणींनो, आपली नजर पडली बाईची! एवढ्या चढावर पाणी, सरपण, बाजारहाट कसा केला असेल, हाच प्रश्न माझ्या मनात सारखा यायचा.

त्याचं एक उत्तर ओर्व्हिएतोला दिसलं. १५२७ मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवे क्लेमेंट या गावात आश्रयाला आले. वेढा पडला तर पाण्यावाचून हाल होतील, म्हणून त्यांनी विहीर खोदायला लावली. ती १५३७ मध्ये पुरी झाली. खोली सुमारे ५३ मीटर आणि आत दोन गोल जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. गंमत म्हणजे हे जिने वाटेत एकमेकांना कुठेच मिळत नाहीत. रिकामं खेचर एका जिन्याने उतरायचं, पाणी लादून दुसऱ्याने चढायचं. म्हणून पायऱ्याही रुंद आणि बुटक्या. पोपच्या काळजीपोटी का होईना, पाणी वर कसं चढेल याचा विचार कुणीतरी आधीच केला होता!

असिसीला संत फ्रान्सिसच्या दर्शनाला जग लोटतं. मी मात्र रेंगाळले ती संत क्लेअरच्या गुलाबी-पांढऱ्या दगडांच्या चर्चमध्ये. श्रीमंताघरची ही मुलगी १२१२ मध्ये, अठराव्या वर्षी, रात्री घर सोडून फ्रान्सिसकडे गेली. पुढे तिच्याभोवती बायका जमल्या. त्या काळी जोगिणींच्या मठांचे नियमही पुरुषच लिहीत. क्लेअरने आपल्या मठाची नियमावली स्वतः लिहिली. मालमत्ता ठेवायची नाही, हा तिचा हट्ट होता. पोपची मान्यता आली ९ ऑगस्ट १२५३ रोजी, आणि ११ ऑगस्टला तिने डोळे मिटले. तिची चढण पायऱ्यांची नव्हती, एवढंच.

पेरुजात जेवताना पाव अळणी लागला. भाची म्हणाली, ‘‘मावशी, इथला पाव असाच असतो.’’ पोप तिसरे पॉल यांच्या मीठकराविरुद्ध १५४० मध्ये पेरुजाने बंड केलं, तेव्हापासून पावात मीठ घालत नाहीत, असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण आपला १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवल्याशिवाय राहिला नाही. बंड मोडून पोपने शहरातली घरं-गल्ल्या गाडून त्यावर किल्ला बांधला. १८६० मध्ये लोकांनी तो बराचसा पाडला. खालच्या गल्ल्या मात्र शाबूत राहिल्या. आज त्यांच्यातूनच सरकते जिने वर जातात, १९८३ पासून. बसस्थानकापासून थेट वरच्या चौकापर्यंत! भाजीची पिशवी सांभाळत आजीबाई निवांत उभ्या असतात.

जायचं असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. टाचेच्या चपला घरी ठेवा. शाकाहारी असाल तर कास्तेलुच्चोची बारीक मसूर आणि ‘तोर्ता अल तेस्तो’ मागा. तव्यासारख्या जाड तबकडीवर भाजलेली ही जाडसर पोळी, तिच्यात पालेभाजी भरून देतात. आपल्या भाकरीचीच बहीण म्हणा ना!

महिला मंडळाच्या कामानिमित्त मी आमच्या गावातल्या टेकडीवरच्या वस्तीत नेहमी जाते. नळ पायथ्याशी, घरं वर. तिथे सुना हंडे घेऊन चढतात आणि गुडघे धरलेल्या सासवा महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. ‘वस्तीच उंचावर, त्याला कोण काय करणार’ असं आपण सहज म्हणून टाकतो. अंब्रियातल्या गावांची उंचीही काही कमी झालेली नाही. त्यांनी चढ तसाच ठेवला आणि माणसांना वर न्यायची सोय केली. आपल्याला सरकते जिने नकोत. पाण्याची एक टाकी वर आणि जिन्याला धड कठडा, एवढं तरी आता मागायलाच हवं.