बुऱ्हाणपूर एकच, ऑब्जेक्ट दोन

बुऱ्हाणपूर रेल्वे स्थानकाचा कोड बीएयू. समजा, पायथनमधल्या एका प्रोग्रॅमने दोन तिकिटांवरून या स्थानकाचे दोन ऑब्जेक्ट बनवले. प्रवाशाला स्थानक एकच. पायथनला मात्र ते दोन वेगळे, कारण निराळं सांगितलं नसेल तर ऑब्जेक्टची समानता आणि हॅश दोन्ही त्याच्या स्वतंत्र ओळखीवरून ठरतात.

हॅश म्हणजे एक आकडा. सेटमध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात, शोध त्यावरून थेट योग्य कप्प्याकडे जातो.

‘कोड सारखा तर स्थानक सारखं’ असं ठरवलं, की हॅशही कोडवरूनच काढायला हवा. वेगळ्या स्थानकांचे हॅश जुळले तरी चालतं, तिथे पुन्हा तुलना होते. पण समानतेचा नियम लिहून हॅश लिहिलाच नाही, तर पायथन तो ऑब्जेक्ट सेटमध्ये घेत नाही. हा नकार फार मोलाचा, कारण चूक लगेच कळते. कोड मागाहून बदलला, तर मात्र सेटमध्ये असलेलं स्थानकही सापडेनासं होऊ शकतं.