प्रेक्षकाचा निर्देश आणि प्रोग्रामरची ओळ

प्राणहितेच्या काठी, तिचा गोदावरीशी संगम होतो त्या ठिकाणापासून जवळच, सिरोंचा हे गाव वसलेले आहे. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी आणि भोवतालच्या रानातील वस्त्यांत माडिया, अशी तेथील भाषाव्यवहाराची स्थूलमानाने वाटणी आहे. गेल्या पावसाळ्यात तेथील काही विद्यार्थ्यांसमवेत प्रोग्रामलेखनाचे एक प्रात्यक्षिक पाहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. दूरस्थ शिक्षक आपल्या एडिटरमध्ये कोड लिहीत होते, त्यांचा पडदा लाइव्ह स्ट्रीमद्वारे सर्वांना दिसत होता आणि प्रेक्षकांनी चॅटमध्ये विशिष्ट आज्ञा लिहिली असता शिक्षकांच्या एडिटरमधील ती ओळ उजळून निघेल, अशी योजना होती. एका विद्यार्थ्यास चौदाव्या ओळीतील चूक शिक्षकांच्या आधी दिसली. तेथे आवर्तन एका फेरीने कमी पडत होते. त्याने तसे मराठीत लिहिले. यंत्र स्वस्थ राहिले. मग त्याने आज्ञेच्या ठरीव साच्यात, उद्गारचिन्ह लावून, ‘ओळ १४’ असे लिहिले, तरीही काही घडले नाही. तिसऱ्या खेपेस त्याने कळफलक बदलून रोमन अंक घातले, तेव्हा एक ओळ उजळली खरी, पण ती भलतीच. मुले हसली. त्यानंतर त्या विद्यार्थ्याने काही लिहिले नाही.

या तीन अपयशांची कारणे तीन निरनिराळी आहेत आणि तिन्ही भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष घालावे अशी आहेत.

प्रथम या योजनेची रचना पाहू. चॅटमधील प्रत्येक संदेश हा निव्वळ मजकूर असतो. ट्विचसारख्या मंचावर तो आयआरसी या १९८८ साली फिनलंडमध्ये निर्माण झालेल्या संदेशपद्धतीच्या आधारे वाहून नेला जातो. एक छोटा प्रोग्राम हे संदेश सतत वाचीत असतो. संदेशाचा आरंभ ठरलेल्या चिन्हाने झाला असेल तरच तो पुढचा शब्द आज्ञांच्या यादीत शोधतो, त्यापुढचा अंक वेगळा काढतो आणि एडिटरला जोडलेल्या पूरक प्रोग्रामकडे सोपवितो. हा पूरक प्रोग्राम ओळीमागे रंग भरतो. मूळ फाइलमध्ये एका अक्षराचाही फरक पडत नाही. दाखविण्याचा अधिकार आणि लिहिण्याचा अधिकार यांतील हा भेद जुना आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केले, त्यात मेन्लो पार्कमधील त्यांच्या सहकाऱ्याचा दर्शकही त्याच पडद्यावर फिरत होता. परंतु मजकुरावर क्रिया करण्याचा अधिकार एंगेलबार्ट यांनी स्वतःकडेच राखला होता आणि तसे त्यांनी गमतीने बोलूनही दाखविले. आपल्या झाडीपट्टीतील नाटकांत प्रेक्षक ‘वन्समोअर’ देतो, पण म्हणून त्यास पात्राच्या तोंडचे वाक्य बदलता येत नाही, तसेच हे.

विद्यार्थ्याचे पहिले वाक्य यंत्रास कळले नाही, कारण ते वाक्य होते. आज्ञावलीस विभक्तिप्रत्यय ठाऊक नसतात. ‘ओळ’ हा शब्द यादीत असला तरी ‘ओळीत’, ‘ओळीवर’, ‘ओळीपाशी’ ही रूपे त्यात सापडत नाहीत. सामान्यरूप होताच शब्द यंत्राला अनोळखी होतो. इंग्रजीसारख्या, शब्दयोगी अव्यय अलग लिहिणाऱ्या भाषेत ही अडचण फारशी जाणवत नाही. मराठी व तेलुगू या दोहोंतही प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून सिरोंच्यात ती दुहेरी जाणवते. यावर उपाय मात्र सोपा आहे: यादीत मूळ रूपाबरोबर सामान्यरूपही द्यावे आणि शब्दाच्या आरंभाशीच तुलना करावी.

दुसरे अपयश अधिक बोधप्रद आहे. पायथन या भाषेत ‘१४’ हा देवनागरी मजकूर अंकात रूपांतरित करावयास सांगितले असता चौदा ही संख्या बिनतक्रार मिळते. जावास्क्रिप्टमध्ये, आणि बहुप्रचलित व्हीएस कोड या एडिटरचे पूरक प्रोग्राम त्याच कुळातील भाषेत लिहिले जातात, तोच मजकूर ‘संख्या नव्हे’ असा शेरा घेऊन परततो. युनिकोडमध्ये देवनागरीचे दहा अंक ओळीने मांडलेले आहेत, तेलुगूचेही तसेच. तेव्हा प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की झाले. दोन-तीन ओळींचे काम आहे. ते कोणाला सुचले नाही, इतकेच.

तिसऱ्या अपयशाचे मूळ दर्शक पदांच्या स्वरूपात आहे. ‘हा’, ‘येथे’, ‘आता’ या पदांचा अर्थ बोलणाराचे स्थळ व काळ कळल्यावाचून लागत नाही. लाइव्ह स्ट्रीम प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचते आणि जोडणी क्षीण असल्यास हा अवकाश आणखी वाढतो. विद्यार्थ्याने चौदावी ओळ पाहिली, ती लिहिली, परंतु दरम्यान शिक्षकांनी वर दोन नव्या ओळी घातल्या होत्या. त्याला अभिप्रेत असलेली ओळ आता सोळावी झाली होती आणि चौदाव्या जागी पूर्वीची बारावी येऊन बसली होती. ‘ओळ १४’ हे वरकरणी निरपेक्ष वाटणारे पद वस्तुतः ‘येथे’ याच जातीचे आहे.

अनेकांनी एकाच वेळी एक मजकूर संपादण्याचा प्रश्न एलिस आणि गिब्स यांनी १९८९ मध्ये हाताळला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक क्रिया मजकुराच्या कोणत्या अवस्थेस उद्देशून आहे हे तिच्यासोबतच नोंदविलेले असते, आणि मधल्या काळात झालेल्या बदलांनुसार तिचे स्थान सरकविले जाते. दोन ओळी वर आल्या असतील तर चौदाचे सोळा होतात. पण चॅटमधील संदेशाबरोबर अशी नोंद येत नाही, आणि प्रत्येक प्रेक्षकाचा उशीर वेगळा असल्याने ती अंदाजाने लावणेही धोक्याचे. म्हणून क्रमांकाऐवजी ओळीतील एखादे नाव उद्धृत करावयास सांगणे प्रस्तुत लेखकास श्रेयस्कर वाटते. ‘जेथे बेरीज हे नाव आहे ती ओळ’, असे म्हटले की ओळ कोठेही सरकली तरी सापडते. आपण बोलताना तरी पान-ओळ कोठे सांगतो?

प्रेक्षकांना प्रत्यक्ष मजकूर घालू देण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. फेब्रुवारी १९१४ नव्हे, २०१४ मध्ये (या क्षेत्रात शतकाचे अंतर सहज विसरले जाते) ट्विचवरील असंख्य प्रेक्षकांनी मिळून पोकेमॉन हा खेळ खेळला, तेव्हा पुढे मतदानाने बहुमताची आज्ञा पाळण्याची सोय करावी लागली. खेळात चुकीचे पाऊल क्षम्य असते. कोडमध्ये आलेला मजकूर केवळ टिप्पणी म्हणून घातला तरी त्यातील टिप्पणी संपविणारे चिन्ह पुढचा भाग चालता कोड बनवू शकते. शिवाय लेखनाची दिशा फिरविणारी अदृश्य चिन्हे वापरून वाचणाराला एक आणि यंत्राला दुसरेच दाखविता येते, हे बूशे व अँडरसन यांनी २०२१ मध्ये केंब्रिजहून दाखवून दिले.

म्हणून पुष्कळजण सर्वच अदृश्य चिन्हे गाळून टाकतात, आणि येथे मराठीवर अन्याय होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दुसऱ्या शब्दातील अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती युनिकोडला मान्य आहेत: एकीत नुक्तायुक्त ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ गाळणीतून निघताना ‘दर्या’ होतात. तेव्हा गाळावयाची ती दिशा फिरविणारी चिन्हेच तेवढी गाळावी. जोडचिन्ह हलन्तानंतर आले असेल तर ते राहू द्यावे.

अंकांची आणि सामान्यरूपांची दुरुस्ती त्या साधनात आता करून घेतली आहे. ओळीतील नाव उद्धृत करण्याची सोय अद्याप व्हावयाची आहे, कारण तेच नाव दोन ओळींत आले तर कोणती उजळावी हे ठरलेले नाही.