अस्वलाचे पित्त व त्याचा रासायनिक पर्याय

चिनी वैद्यकात अस्वलाचे पित्त शीतगुणी मानले असून यकृताच्या व नेत्रांच्या विकारांवर ते शतकानुशतके दिले जात आले आहे. १९२७ साली जपानमधील ओकायामा येथे शोडा या संशोधकाने त्यातून एक आम्ल वेगळे केले. अस्वलाच्या 'अर्सस' या लॅटिन नावावरून त्यास 'अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल' ही संज्ञा मिळाली. पुढे १९५० नंतरच्या दशकात गाईबैलांच्या पित्तातील कोलिक आम्लापासून ते तयार करण्याची रीत जपानमध्येच सिद्ध झाली. कोलेस्टेरॉलचे पित्तखडे विरघळविण्यासाठी व यकृतातील पित्तनलिकांच्या जुनाट दाहावर आज ते जगभर वापरले जाते.

यामुळे अस्वलाची सुटका व्हावयास हवी होती. परंतु तसे घडले नाही. आशियाई काळ्या अस्वलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास १९७९ पासून बंदी आहे. तथापि १९८० नंतरच्या दशकात चीनमध्ये पिंजऱ्यातील जिवंत अस्वलांच्या पित्ताशयातून पित्त काढण्याचा व्यवसाय वाढला, आणि तो अद्याप कायदेशीर आहे.

अस्सल पित्ताचे पुरस्कर्ते म्हणतात की, एक घटक म्हणजे संपूर्ण द्रव्य नव्हे. हा आक्षेप अग्राह्य नाही. पित्तात हे आम्ल मुख्यत्वे टॉरिन या द्रव्याशी संयुक्त असते. मात्र ते संयुगही आता कृत्रिम रीतीने बनविता येते. तेव्हा उरलेल्या अंशात काही अधिक गुण असल्यास तो तुलनात्मक चाचणीने दाखविण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांवरच येते. तोवर प्राण्यास होणाऱ्या यातनांचे समर्थन केवळ परंपरेच्या आधारे करता येणार नाही.