ट्रेमोलो पेडलला तुमचं गाणं माहीत नसतं

ज्यांना ऑफिसच्या बसमध्ये इअरफोन लावूनही काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना अर्धवट सोडलेली वाक्यं इथे पूर्ण केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात फजितीपासून. माझा एक मित्र नोकरीसाठी जर्मनीला निघायच्या दोन दिवस आधी माझ्या पुण्यातल्या वन बीएचकेवर आला. कॉलेजपासून रखडलेलं आमचं एक गाणं होतं, ते रेकॉर्ड करायचं होतं. रात्री साडेअकराला पंखा बंद केला. त्याची गिटार ट्रेमोलो पेडलमध्ये, पेडल ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेस लॅपटॉपला. दीड वाजेपर्यंत सहा टेक झाले. चौथा टेक असा लागला की संपल्यावर दोघंही गप्प. फक्त एका ठिकाणी चुकीची तार वाजली होती. म्हटलं, त्यात काय, पाचव्या टेकमधला तेवढा एक बार कापून इथे चिकटवू. मित्र गेला. मी चिकटवायला बसलो आणि कळलं की हे जमणारच नाही.

का जमणार नाही, ते कळायला ट्रेमोलो करतो काय ते आधी बघू. आवाज लहान-मोठा, लहान-मोठा करत राहायचा, बस. सूर बदलत नाही. घरी पेटी असेल तर धरून बघा: एकच स्वर दाबून ठेवा आणि भाता हिसके देत हलवा. स्वर तोच, पण आवाज हेलकावे खातो. तो झाला ट्रेमोलो. गाताना किंवा तारेवर बोट हलवून स्वरच थोडा वर-खाली केला, की तो व्हायब्रेटो. आता गंमत अशी की हा घोळ फेंडर कंपनीनेच घालून ठेवलाय. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरच्या दांड्याला ते ट्रेमोलो म्हणाले, आणि तो दांडा तर सूर हलवतो. उलट त्यांच्या कितीतरी अँपवर व्हायब्रेटो असं छापलंय, आणि तिथे मिळतो ट्रेमोलो. सत्तर वर्षं झाली, लोक अजून यावर भांडतायत.

पेडलच्या आत एक छोटं सर्किट सतत झोके घेत असतं, त्याला एलएफओ म्हणतात. रेटचा नॉब म्हणजे झोका किती वेगाने जाणार, डेप्थचा नॉब म्हणजे किती खोल. काही पेडलांवर वेव्ह नावाचा तिसरा नॉब असतो. एका टोकाला आवाज पाळण्यासारखा हलतो, दुसऱ्या टोकाला स्विच चालू-बंद केल्यासारखा तुटतो.

महत्त्वाचं म्हणजे हा झोका तुमच्यासाठी थांबत नाही. बऱ्याच साध्या पेडलांमध्ये वीज आल्यापासून तो चालूच असतो, तुम्ही वाजवा नाहीतर चहा प्यायला जा. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल: दोन मशीन, दोन वेगळी घड्याळं, आणि मधे कुणी सिंक लावलेला नाही.

आता आमच्या गाण्याचं गणित. टेम्पो 90, म्हणजे एक मात्रा 667 मिलिसेकंदांची. एका मात्रेत दोन हेलकावे हवे असतील तर रेट हवा सेकंदाला बरोबर 3. पण नॉब हाताने फिरवायचा आहे, त्यावर आकडे नाहीत. समजा तो 2.97 वर बसला. एवढासा फरक कुणाला कळणार? कळतो! साधारण सतरा सेकंदांत पेडल अर्धा झोका मागे पडतं, म्हणजे जिथे आवाज फुगायला हवा तिथे तो दबतो. पुढच्या सतरा सेकंदांत पुन्हा जुळतं. नुसत्या गिटारवर हे छान वाटतं, श्वास घेतल्यासारखं. ड्रम आले की गिटारवाला झोपेत वाजवतोय असं वाटतं.

आमच्या चौथ्या आणि पाचव्या टेकचं असंच झालं. त्याच बारच्या सुरुवातीला एकीकडे झोका वर होता, दुसरीकडे जवळजवळ तळाशी. कापून जोडलं की जोडावर आवाज अडखळायचा, जिना उतरताना एक पायरी चुकल्यासारखा. तुकडा सरकवून झोके जुळवले तर स्ट्रोक दीडशे मिलिसेकंद इकडे-तिकडे जायचा. म्हटलं, मग ट्रेमोलोच काढून टाकू. जिथे आवाज दबलाय तिथे तेवढाच वाढवायचा, असा उलटा कर्व्ह काढला. रविवारची अख्खी दुपार गेली. डेप्थ खोल ठेवली होती, त्यामुळे तळाशी गिटार उरलीच नव्हती, होती ती फक्त खरखर. तीच सेकंदाला तीनदा मोठी होऊन आली. ट्रेमोलो एकदा रेकॉर्डिंगमध्ये गेला की गेला.

याच अडचणीवरची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. द स्मिथ्स या ब्रिटिश बँडचं 1984 चं हाऊ सून इज नाऊ? हे गाणं. इअरफोन लावून ऐका, सुरुवातीपासून गिटार थरथरत असते. गिटारिस्ट जॉनी मार यांनी ते कसं झालं ते सांगितलंय: गिटार आधी ट्रेमोलोशिवाय रेकॉर्ड केली. मग ते रेकॉर्डिंग चार फेंडर ट्विन रिव्हर्ब अँपमधून वाजवलं. मार आणि निर्माते जॉन पोर्टर दोघं दोन-दोन अँपच्या वेगाचे नॉब हाताने सांभाळत बसले. अँप तालातून सुटले की टेप मागे घ्यायची आणि पुन्हा. असं दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत ते गाणं जोडलं.

म्हणजे तोडगा चाळीस वर्षांपूर्वीच सापडला होता, मलाच माहीत नव्हता. आता मी असं करतो: आधी गिटार थेट इंटरफेसमध्ये, कोरडी. वाजवणाऱ्याला थरथर ऐकू आली नाही तर तो वेगळंच वाजवतो (आणि हे खरंच होतं, हात त्या हेलकाव्यांना धरून चालतो), म्हणून त्याच्या हेडफोनपुरता सॉफ्टवेअरमधला ट्रेमोलो लावायचा. कापाकापी सगळी कोरड्या ट्रॅकवर करायची. मग तो ट्रॅक इंटरफेसच्या जास्तीच्या आउटपुटमधून पेडलला द्यायचा आणि पेडलमधून नव्या ट्रॅकवर परत घ्यायचा. याला रीअँपिंग म्हणतात. लाइन आउटपुटचा आवाज गिटारच्या मानाने खूप मोठा असतो, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये वीसेक डेसिबल खाली उतरवून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. घूं असा आवाज आला तर मधे रीअँप बॉक्स लागतो. माझं त्याच्याशिवाय भागलं.

90 च्या टेम्पोला चार बार म्हणजे पावणेअकरा सेकंद. मीही तेवढेच तुकडे घेतो. झोका मात्रेवर बसला नाही तर परत. कोरडा ट्रॅक थकत नाही, विमानही पकडत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. पेडल इंटरफेसच्या आधी लावलं की ते कॉम्प्युटरमधल्या अँप सिम्युलेटरच्याही आधीच येतं, दुसरी जागाच नाही. साफ टोनला चालतं. पण अँप फाटका, डिस्टॉर्शनवाला असेल तर तो आवाज दाबून सपाट करतो. हेलकावे बोथट होतात, आवाजाऐवजी फाटकेपणाच कमी-जास्त होत राहतो. कोरडा ट्रॅक आधी सिम्युलेटरमधून काढून मग पेडलला दिला की काप स्वच्छ येतो. पेडलनंतर कंप्रेसर लावू नका. पेडल आवाज पाडणार, तो उचलणार, आणि दोघांच्या मारामारीत तुमचे पैसे वाया.

मग तालाला बांधलेला प्लगइनच का नको? पक्का बीट असेल तर मी तोच लावतो, वाद नाही. पण संथ, दोनच वाद्यांचं गाणं असेल तर पेडलचं ते थोडं मागे पडणं, पुन्हा जुळणं मला आवडतं. फक्त ते कुठे घडावं हे मला ठरवायचंय.

मित्राने नंतर तिकडून कोरडी गिटार पाठवली. फोनवर म्हणाला, ‘अरे, आता नीट वाजलंय बघ.’ नीटच वाजलंय, एकही तार चुकलेली नाही. मी ती पेडलमधून काढली, झोके मात्रेवर बसवले, सगळं केलं. आणि शेवटी भागात वाजवला तो त्या रात्रीचा चौथा टेक. चुकीची तार 1 मिनिट 52 सेकंदांवर आहे.