जाता जाता एक वार

गंगापूर रोडला बहिणीकडे जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरला होता. एक चौकट म्हणजे पाच फूट. माझा लढवय्या म्हणजे बुद्धिबळातला काळा घोडा, भाचीची जादूगारीण म्हणजे पांढरा वजीर आणि बोळात आम्हा दोघांना भिडलेला गॉब्लिन म्हणजे एक बेदाणा. (नाशकात बेदाण्यांना काय तोटा! मेलेला गॉब्लिन मारणाऱ्यानं खायचा, असा आमचा घरगुती नियम.)

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव भाचा चालवत होता. मला दाराची साखळी ओढायची होती. घोडा उचलला आणि निघालो.

"मामा, थांब. त्याच्या टप्प्यातून बाहेर चाललास. ऑपॉर्च्युनिटी अटॅक."

वीस बाजूंचा फासा गडगडला. तेरा अधिक चार, सतरा. माझं चिलखत सोळाचं. उरलेल्या सात हिट पॉइंटांतले पाच गेले.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. चढाईवरून परतताना पाठ फिरवली की घोटा पकडला गेलाच. इथंही शत्रू दिसत असेल आणि तो टप्प्याबाहेर निघाला, तर तो निसटायच्या आत त्याच्यावर एक वार करता येतो. जवळच राहून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली तर मात्र काही होत नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तेवढ्यानंही फटका बसे. पाच फुटांचं एक सावध पाऊल तेवढं माफ. शत्रूसमोर औषधाची कुपी तोंडाला लावली तरी फटका! २०१४च्या पाचव्या आवृत्तीनं ही कटकट छाटली, ते बरं केलं.

वार चुकवायचा तर 'डिसएंगेज' म्हणायचं. पण त्यात त्या पाळीची कृती खर्ची पडते. निसटता येतं, मारता येत नाही. गॉब्लिनला मात्र एकाच पाळीत मारून वर निसटताही येतं. हे मला अजून पटलेलं नाही.

मी जखमा मोजत होतो, तोवर भाची कागदावर वाकली. "त्याची रिअॅक्शन मामावर संपली ना?"

भाच्यानं मान हलवली. असा वार रिअॅक्शनमधूनच करायचा, आणि ती एकदा वापरली की स्वतःची पुढची पाळी येईपर्यंत परत मिळत नाही. भाचीनं वजीर उचलला आणि बेदाण्याच्या नाकासमोरून सहा चौकटी चालवत थेट दारात नेऊन ठेवला.

"मामा, तुझे दोन उरलेत ना? मग पुढच्या वेळीही तूच आधी नीघ."